पाचवीतील मुलीचा इंग्रजीचा सराव आणि सामान्यज्ञान: घरी नेमके काय करून घ्यावे?

माणदेशी_पालक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात राहतो. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीला आहे. तिला रोज दहा इंग्रजी शब्द उच्चार व अर्थासह लिहून आणायचे असतात आणि त्यासोबत सामान्यज्ञानाचे पाच प्रश्न पाठ करायचे असतात. हा गृहपाठ ती कंटाळा न करता, स्वच्छ अक्षरात आणि वेळेवर पूर्ण करते, त्यामुळे वरवर पाहता तक्रारीला जागा नाही. मात्र पाठ केलेले शब्द तिला वापरता येत नाहीत, असे माझ्या लक्षात आले आहे. 'डेंजरस म्हणजे धोकादायक' हे ती झोपेतही सांगेल, पण 'तुमच्या वर्गात किती मुली आहेत ते इंग्रजीत सांग' म्हटले की गप्प बसते.

सामान्यज्ञानाची स्थितीही निराळी नाही. 'महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?' असे विचारले की 'कळसूबाई, १,६४६ मीटर' हे उत्तर प्रश्न पूर्ण होण्याआधी येते, परंतु कळसूबाई आपल्या गावापासून कोणत्या दिशेला आहे, याचा तिने कधी विचारच केलेला नसतो. परवा तिने 'माय व्हिलेज' हा निबंध गाईडमधून उतरवून काढला. त्यात आमचे गाव एका सुंदर नदीच्या काठी वसलेले असून भोवती हिरवीगार भातशेती आहे. आमच्या गावाला नदी नाही, भात तर कोणी लावतच नाही, आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. निबंधाला दहापैकी नऊ गुण मिळाले आहेत.

आम्ही दोघेही मराठी माध्यमातून बारावीपर्यंत शिकलो. इंग्रजी वाचता येते, समजते, पण बोलण्याचा सराव नाही. रोज संध्याकाळी तासभर वेळ देण्याची आमची तयारी आहे. हा वेळ कसा वापरावा? शिष्यवृत्ती परीक्षेचाही विचार मनात आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खडू_फळा

नमस्कार ताई. मी प्राथमिक शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकवले असून आता निवृत्त आहे. २००० सालच्या जूनपासून आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी मुलांची ए-बी-सी-डी पाचवीत सुरू होत असे. म्हणजे तुमच्या मुलीच्या कानावर चार वर्षे इंग्रजी पडलेले आहे आणि तिच्याजवळ शब्द पुष्कळ आहेत. अडते ते वाक्याशी, आणि शब्दांच्या याद्या कितीही वाढवल्या तरी त्यातून वाक्य आपोआप तयार होत नाही.

आधी वहीच्या पानाकडे पाहू. तीन रकाने असतात: शब्द, उच्चार, अर्थ. मधल्या रकान्यात उच्चार देवनागरीत लिहिलेला असतो आणि मूल पाठ करताना फक्त तो रकाना आणि अर्थाचा रकाना वाचते. इंग्रजी अक्षरांकडे त्याची नजर जातच नाही. घरी सराव घेताना मधला रकाना कागदाच्या पट्टीने झाकून ठेवा आणि त्याच्या शेजारी चौथा रकाना आखा, ज्यात त्या शब्दाचे घरातल्या एखाद्या वस्तूवर, माणसावर किंवा जनावरावर बेतलेले खरे वाक्य लिहायचे. दहाही शब्दांचे वाक्य करण्याचा हट्ट धरू नका. चार झाली तरी भरपूर आहेत.

वाक्य करताना मराठी माध्यमाच्या मुलांची चूक कुठे होते, हे बहुतेक ठरलेले असते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि इंग्रजीचे कर्त्याला लागून, म्हणून 'आय स्कूल गो' होते. हे दोन-तीन महिन्यांत सुटते. त्याहून चिवट गोष्ट म्हणजे आपला 'मला'. मला भूक लागली आहे, मला माहीत आहे, मला आंबा आवडतो, मला दोन भाऊ आहेत, या चारही वाक्यांना इंग्रजीत 'आय'नेच सुरुवात होते: आय अ‍ॅम हंग्री, आय नो, आय लाइक मँगोज, आय हॅव टू ब्रदर्स. मूल मात्र पाठ केल्याप्रमाणे 'मी' म्हणजे 'आय' आणि 'मला' म्हणजे 'टू मी' अशी जुळवाजुळव करत बसते. ही 'मला'ची वाक्ये एका पानावर एकत्र लिहून घ्या आणि रोज त्यात एकाची भर घाला.

दुसरी अडचण शब्दयोगी अव्ययांची. सोमवारी, सकाळी, रात्री, घरी, या सगळ्या शब्दांत आपण केवळ एक ईकार लावून काम भागवतो. इंग्रजीत मात्र ऑन मंडे, इन द मॉर्निंग, अ‍ॅट नाइट, अ‍ॅट होम असे निरनिराळे शब्द लागतात. यामागचा नियम पाचवीच्या मुलाला सांगून फारसा उपयोग होत नाही. तिची स्वतःची दिनचर्या पाच वाक्यांत लिहून घ्या, म्हणजे हे शब्द आपापल्या जागी बसून लक्षात राहतात.

तिसरी म्हणजे 'डिड यू वेंट'. आपल्याकडे 'तू गेलास का?' या प्रश्नात भूतकाळ क्रियापदातच असतो, त्यामुळे मुलाला 'वेंट' सोडवत नाही. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'ने उचलला की क्रियापद मूळ रूपात परत जाते. यासाठी प्रश्न तिने विचारायचे आणि उत्तरे तुम्ही द्यायची, असा उलटा क्रम ठेवा. शाळेत प्रश्न नेहमी शिक्षक विचारतात, त्यामुळे मुलांना इंग्रजीत उत्तरे थोडीफार येतात, प्रश्न मात्र मुळीच येत नाहीत.

निबंधाबद्दल बोलायचे तर तो उतरवलेला निबंध बाजूला ठेवून तिला तुमच्या खऱ्या गावावर पाच-सहा वाक्ये लिहायला सांगा. 'अवर व्हिलेज इज इन माण तालुका. देअर इज नो रिव्हर इन अवर व्हिलेज. अ वॉटर टँकर कम्स इन समर. माय अंकल हॅज फॉर्टी शीप.' एवढ्या चार ओळींत 'देअर इज नो', 'कम्स'चा स आणि अनेकवचनातही न बदलणारा 'शीप' हे सगळे आले. गुण कदाचित सातच मिळतील. मिळू द्या.

नकाशा_वाचक

खडू_फळा सरांनी इंग्रजीबद्दल सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी सामान्यज्ञानापुरते लिहितो.

ताई, सर्वप्रथम तुमच्याकडचे सामान्यज्ञानाचे पुस्तक कोणत्या वर्षीचे आहे ते तपासा. बाजारात जुन्याच मजकुराला नवे मुखपृष्ठ लावलेली पुस्तके पुष्कळ असतात. त्यात महाराष्ट्राचे ३५ जिल्हे असतील, तर मजकूर १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा आहे, कारण त्या दिवशी ठाण्यातून पालघर हा ३६ वा जिल्हा वेगळा झाला. २९ राज्ये लिहिली असतील, तर तो २०१९ पूर्वीचा. जम्मू-काश्मीरचे ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी दोन केंद्रशासित प्रदेश झाले आणि २६ जानेवारी २०२० रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव एकत्र झाले, त्यानंतर राज्ये २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८ आहेत. प्लूटो अजून नववा ग्रह असेल, तर पुस्तक रद्दीत द्यायला हरकत नाही.

आकडा पाठ करण्याला माझा विरोध नाही, पण तो कसा झाला हे कळले तर तो विसरला जात नाही. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले तेव्हा २६ जिल्हे होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, आणि शेवटी पालघर असे दहा जिल्हे वाढले. राज्याचा कोरा नकाशा दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. हे दहा जिल्हे त्यावर तिला रंगवायला सांगा आणि प्रत्येक जिल्हा कोणाच्या पोटातून निघाला ते बाणाने दाखवायला लावा. गडचिरोली चंद्रपुरातून, नंदुरबार धुळ्यातून, वाशीम अकोल्यातून. जोडीला तुमच्या शेजारच्या सांगलीचेही सांगा, की तो जिल्हा पूर्वी 'दक्षिण सातारा' या नावाने ओळखला जात असे. गडचिरोलीच्या टोकाच्या माणसाला कचेरीच्या कामासाठी चंद्रपूर गाठताना काय यातायात पडत असेल, हा प्रश्न तिच्या मनात आला, तर जिल्हे वेगळे का करतात हे तिला निराळे शिकवावे लागणार नाही.

आता तुमच्या गावाला नदी नाही, हे तर सामान्यज्ञानाचे उत्तम दार आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका मात्र दुष्काळी म्हणून ओळखला जातो. का? कारण अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री चढताना बहुतेक पाऊस पश्चिम उतारावर आणि घाटमाथ्यावर टाकून मोकळे होतात आणि पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेत राहतो. पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकातल्या पाऊस, नद्या आणि पिकांबद्दलच्या पाठांची उदाहरणे तिला खिडकीतून दिसतात. भाताऐवजी ज्वारी आणि बाजरी का, गाईम्हशींपेक्षा शेळ्यामेंढ्या का अधिक, याची उत्तरे तिला आजोबांकडून मिळतील.

पुढचा प्रश्न: गावात पडलेले पाणी शेवटी जाते कुठे? माणगंगा तुमच्याच तालुक्यात उगम पावते आणि पुढे भीमेला मिळते. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र इतका जवळ असताना आपले पाणी एवढा लांबचा पल्ला मारून पलीकडच्या समुद्राला का जाते, हे मुलीला नकाशावर बोट फिरवून शोधू द्या. एका संध्याकाळी एवढे झाले तरी ते पाच सुट्या प्रश्नांपेक्षा कितीतरी मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तरपत्रिका

वरील दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, परंतु पाठांतराविषयी त्यांत जो सूर आहे त्याच्याशी मी पूर्णतः सहमत नाही. मी शिष्यवृत्तीचे वर्ग घेतो. परीक्षेला प्रत्येकी १५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि प्रत्येकीत ९० मिनिटांत ७५ प्रश्न सोडवायचे असतात. मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्या प्रश्नपत्रिकेत मराठी व गणित आणि दुसरीत इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणी असते. इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांचे असतात. एका प्रश्नाला सरासरी सव्वा मिनिटही मिळत नाही, तेव्हा 'टीच'चे 'टॉट' आणि 'कॅच'चे 'कॉट' आठवत बसायला सवड नसते. अनियमित क्रियापदांची रूपे, स्पेलिंग, विरुद्धार्थी शब्द, संख्यांची व महिन्यांची नावे ही पाढ्यांप्रमाणे तोंडपाठच हवीत.

सामान्यज्ञान हा या परीक्षेचा स्वतंत्र विषय नाही, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. तरीही ते बुद्धिमत्ता चाचणीत मागच्या दाराने येते. 'गटात न बसणारे पद ओळखा' या प्रश्नात चार नद्या दिल्या आणि त्यांपैकी एकच पश्चिमवाहिनी असेल, तर ज्याने नर्मदा आणि तापी नकाशावर पाहिल्या आहेत तोच उत्तर देतो. म्हणजे नकाशा_वाचक यांची पद्धत इथेही उपयोगी पडते, फक्त तिच्या जोडीला घड्याळ लावून सोडवलेल्या सराव प्रश्नपत्रिका हव्यात. परीक्षा चौथी-सातवीला की पाचवी-आठवीला, यात शासनाने वेळोवेळी बदल केलेले आहेत, त्यामुळे ऐकीव माहितीवर न राहता पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची त्या वर्षीची अधिसूचना अवश्य पाहावी.

माणदेशी_पालक

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. 'मला'च्या वाक्यांचे पान कालच सुरू केले आहे. कोरा नकाशा दहिवडीच्या बाजारातून आणणार आहे. आणखी दोन शंका आहेत. आमचेच उच्चार गावठी असल्यामुळे तिचे उच्चार कोणी सुधारायचे? आणि पुढच्या वर्षी सहावीला सेमी इंग्रजीची तुकडी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. तिला तिथे घालावे की नाही, यावरून घरात दोन मते आहेत.

एकेकाळची_मराठी_शाळा

ताई, मी बारावीपर्यंत मराठी शाळा आणि नंतर इंग्रजीतून अभियांत्रिकी, असा प्रवास केलेली आहे. सध्या पुण्यात नोकरी करते आणि दिवसभर परदेशी लोकांशी इंग्रजीतून बोलते. उच्चाराला 'गावठी' म्हणणे आधी सोडा. मुलगी ऐकत असते.

आपल्या उच्चारांत खरोखर अडचण करणाऱ्या जागा थोड्याच आहेत. मिळवणे या अर्थाचा आणि फाटक या अर्थाचा, असे दोन्ही इंग्रजी शब्द आपण 'गेट' असेच लिहितो आणि तसेच म्हणतो. इंग्रजीत पहिल्यातला एकार आखूड आणि दुसऱ्यातला लांब असतो. लेखणीचा 'पेन' आणि वेदनेचा 'पेन' यांचेही तेच. शिवाय आपल्याकडे 'व' एकच, तर इंग्रजीत दोन: एकाला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. आरशासमोर उभे करून 'व्हॅन' आणि 'वन' म्हणायला लावा, तिला स्वतःलाच फरक दिसेल. बाकीचे उच्चार ऐकण्याने सुधारतात. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड असतात. ते मोबाइलवर दीक्षा अ‍ॅपमधून उघडले की त्या त्या पाठासाठी दिलेले साहित्य मिळते. त्यात इंग्रजी कविता किंवा धड्याचे वाचन असेल, तर एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, तसेच म्हणायचे. मोबाइल हाताशी नसेल त्या दिवशी आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या चालतील. अर्थ कळला नाही तरी वाक्याचा चढउतार कानात बसतो.

सेमी इंग्रजीबद्दल माझे मत असे, की तिला गणित मराठीतून नीट येत असेल तर खुशाल घाला. संकल्पना पक्की असेल तर अपूर्णांकाला 'फ्रॅक्शन' म्हणायला महिनाभर पुरतो. गणितच कच्चे असेल तर मात्र न कळणारा विषय न कळणाऱ्या भाषेत, असा दुहेरी भार तिच्यावर पडेल. हा निर्णय तुमच्या दोघांच्या मतांवर न सोडता तिची पाचवीची गणिताची वही समोर ठेवून घ्या. मे महिन्यात सहावीच्या गणिताचे इंग्रजी पुस्तक आणून पहिले दोन धडे घरी करून पाहा. बालभारतीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरही पाहता येतात.

खडू_फळा

उत्तरपत्रिका यांचे म्हणणे मला मान्य आहे. अनियमित क्रियापदे पाठच करावी लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. रोज तीन रूपांचा एक संच पुरे.

ताई, तुमच्या एका तासाबद्दल सुचवतो. इंग्रजी आणि सामान्यज्ञान यांचे दोन वेगळे तास करू नका. नकाशा_वाचक यांनी सांगितलेली नद्यांची साखळी आधी मराठीत, नकाशावर, गप्पांमध्ये होऊ द्या. ती मुलीला पुरती कळली, की दुसऱ्या दिवशी तेच इंग्रजीत लिहायला सांगा: 'द माणगंगा मीट्स द भीमा. द भीमा मीट्स द कृष्णा. द कृष्णा फ्लोज इनटू द बे ऑफ बेंगॉल.' मजकूर तिच्या ओळखीचा असल्यामुळे तिचे सगळे लक्ष भाषेवर राहते. इथेच तिला दाखवता येईल की नदीच्या नावाआधी 'द' लागतो, पण गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नावाआधी लागत नाही, आणि एकट्या नदीचे 'मीट्स' होते. मग प्रश्न तिने करायचे: 'व्हेअर डझ द भीमा गो?' इथे 'डझ' आला म्हणून 'गोज' नाही.

पुढच्या आठवड्यात किल्ले घ्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तमिळनाडूतला. प्रतापगड तर तुमच्याच जिल्ह्यातला. कोणता किल्ला डोंगरावर आणि कोणता पाण्यात, हे तिने सांगायचे: 'प्रतापगड इज ऑन अ हिल. सिंधुदुर्ग इज इन द सी.' तोरणा या यादीत का नाही, असे तिने विचारले तर आनंद माना.

तपासताना एक पथ्य पाळा. एका दिवशी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करायची. ज्या दिवशी 'मीट्स'चा स पाहायचा ठरवला, त्या दिवशी 'द' राहून गेला तरी त्याखाली रेघ मारायची नाही. लाल शाईऐवजी पेन्सिल वापरा आणि दुरुस्त केलेले वाक्य तिच्याकडून पुन्हा लिहून न घेता एकदा मोठ्याने वाचून घ्या. गाईड घरात राहिले तरी चालेल, फक्त निबंध स्वतः लिहून होईपर्यंत ते कपाटाच्या वरच्या फळीवर असू द्या.